खंडेनवमीचा काळा पडदा

आमच्या शाळेत कॉम्प्युटर सर म्हणून मी जी मिरवामिरवी केली, ती आठवली की आजही कानशिलं गरम होतात. विषय खरं तर माझा भूगोल. राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची आमची शाळा, ऑफिसात एकच चालता कॉम्प्युटर, आणि त्यावर विंडोजऐवजी मी बसवलेली फुकटची लिनक्स. माउसला कुणी हात लावला की मी पाठीमागे जाऊन उभा राहायचो. आपल्याशिवाय हे कुणाला जमत नाही, यात मला फार गोडी वाटायची.

खंडेनवमीला शाळेत घंटा, खडू, प्रयोगशाळेतला तराजू आणि कॉम्प्युटर यांची पूजा होते. पूजा आटोपली की त्या वस्तूंना दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा मोठ्या सरांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा शिरस्ता. त्या वर्षी माझ्या डोक्यात खूळ शिरलं. नारळ फुटल्यावर मोठ्या सरांनी बटण दाबावं आणि पडद्यावर थेट सरस्वतीचं चित्र यावं. मध्ये नाव-पासवर्ड विचारणारी पाटी नको. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मोबाइलवर कुठंतरी अर्धवट वाचलं आणि ती पाटी दाखवणारी सेवाच, म्हणजे आतला प्रोग्रॅमच, एक ओळ टाइप करून बंद केली. चित्रं, खिडक्या, सगळा डेस्कटॉप त्याच सेवेतून सुरू होतो, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा चालू करून बघायची तसदीही घेतली नाही.

सकाळी पूजेची मांडामांड मावशींनी केली. मावशी म्हणजे आमच्या शिपाई; माझ्या कितीतरी आधीपासून शाळेत. फूल पाण्यात बुडवून त्यांनी मला विचारलं, मशीनवर शिंपडलं तर चालंल का. मी ऐटीत म्हणालो, दोन थेंबांनी काय होतंय.

नारळ फुटला. मोठ्या सरांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर वरून खाली पांढऱ्या अक्षरांच्या ओळी पळाल्या आणि मग कोपऱ्यात नुसती एक दांडी लुकलुकत राहिली. सगळे शिक्षक माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं, कारण पाण्यानं मशीन बिघडलं असतं तर अक्षरं तरी कुठून उमटली असती? तरीही मी म्हणालो, "आत पाणी गेलं असेल. मावशींनी शिंपडलंय ना."

मोठे सर ओरडले नाहीत. यापुढं मशीनजवळ फिरकू नका, एवढंच त्यांनी मावशींना सांगितलं. मावशी बरं म्हणाल्या. ह्या सरांनीच हो म्हटलं होतं, असं माझ्याकडे बोट दाखवून त्या सहज म्हणू शकल्या असत्या, म्हणाल्या नाहीत. मी तबकातल्या अक्षतांकडे बघत उभा राहिलो.

शिरस्त्याप्रमाणं आता कुणी हात लावणार नव्हतं. मला तेवढीच सवड मिळाली. घरी बसून मोबाइलवर उपाय शोधला. मावशींना मात्र तो दिवस आणि दसरा, दोन्ही तसेच काढावे लागले. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी विषय बाजूला सारला.

दसऱ्यानंतर शाळा भरायच्या आधीच मी ऑफिसात गेलो. कीबोर्डवर हळद-कुंकू तसंच होतं. तीन बटणं एकदम दाबली, काळ्या पडद्यानंच नाव विचारलं. नाव, पासवर्ड, मग बंद केलेली सेवा पुन्हा सुरू करण्याची एक ओळ. मशीन बंद करून चालू केलं आणि सरस्वती आली. दहा मिनिटांचं काम. मोठ्या सरांनी पाठ थोपटली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

चहा घेऊन मावशीच आल्या. माझ्या हातात त्यांनी कागदात बांधलेला पेढा ठेवला. दसऱ्याला अनवाणी राजूरच्या गणपतीला जाऊन आल्या होत्या. "सर, तुमच्यामुळं माझी अब्रू राह्यली. दोन दिस धड जेवले न्हाई मी."

तो पेढा मला गिळवेना. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी खरं कळलं. नळावर त्या कप धूत होत्या, तिथं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "मंग हे मोठ्या सरांना सांगा."

मी लगेच गेलो. मोठे सर हसले, म्हणाले, चालू झालं ना, विषय संपला. मावशींवरची बंदी त्यांनी उठवली. मी हलका होऊन नळावर परतलो, सांगितलं म्हणालो. त्यांनी विचारलं, तिथं कोण कोण होतं. मी म्हणालो, कुणी नाही, दार लावून घेतलं होतं.

"त्या दिवशी समदे व्हते, सर," एवढंच बोलून त्या कप घेऊन आत गेल्या.

पुढं त्या निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण मीच केलं, त्यांच्या सचोटीवर चांगलं लांबलचक बोललो. सगळे शिक्षक समोर बसले होते, मावशीही होत्या. ती गोष्ट मी तेव्हाही सांगितली नाही.