लसूण करपण्याआधीचा वास

जे दोनदा पडताळता येत नाही, त्याला मी अनुभव म्हणते, पुरावा नाही. भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की टॉर्च घेऊन ‘चला, बघून येऊ’ म्हणणारी मीच असते. तरीही हे लिहिते आहे, कारण साक्षीदार दोन आहेत आणि वेळा मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवल्या होत्या.

मी नगरची, राहुरीला अन्नतंत्रज्ञानात एम.टेक. करते. गेल्या हिवाळ्यातल्या त्या दिवशी, चार दिवसांपासून सर्दीने माझं नाक पूर्ण बंद होतं... आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रात्यक्षिक परीक्षा — दहा बाटल्या हुंगायच्या, प्रत्येकीत काय आहे ते लिहायचं. किमान सहा उत्तरं बरोबर हवीत. नाहीतर सत्र पुन्हा करायचं आणि पीएच.डी.चा अर्ज वर्षभर पुढे ढकलायचा.

रूममेट नसरीन सकाळपासून माझी चाचणी घेत होती. कापूर झाला, चिरलेला कांदा झाला, शेवटी तिची अत्तराची कुपी.

“काही?”

“शून्य.”

“मग उद्या माझंच नाक घेऊन जा. टोचलेलं आहे, जपून वापर फक्त.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी मला वास आला. भाजलेल्या हुलग्याचा, जिऱ्याचा आणि त्यावर करपलेल्या लसणाचा — अगदी स्पष्ट. आमच्याकडे सर्दी झाली की हुलग्याच्या पिठाचं पातळ, लसणाच्या फोडणीचं माडगं करतात. त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. नसरीनचं नाक ठणठणीत होतं. तिला काहीच येत नव्हतं.

आम्ही दोघी खाली मेसमध्ये गेलो. शेगडी थंड. स्वयंपाक करणाऱ्या सुमनकाकू मेथी निवडत बसल्या होत्या.

“काकू, माडग्याचा लसूण करपला का हो?”

“कुठलं माडगं? गॅस तरी पेटलाय का बघ.” मग त्यांचा हात थांबला. “आत्ता मनात आलं हुतं खरं... पोरीला सर्दी झालीय, माडगं करून द्यावं. पन तुला कुनी सांगितलं?”

“वास आला.”

“नाक बंद हाय म्हनतीस आन् वास आला? वर करपला म्हनं! वीस वर्सं फोडन्या देते मी, एक पाकळी काळी केली न्हाई. थांब, दावतेच तुला.”

काकू इरेला पेटल्या. तेल तापलं, जिरं तडतडलं, लसूण पडला — आणि त्याच क्षणी मागच्या अंगणात वाळत घातलेल्या डाळीत शेळी घुसली. काकू आणि नसरीन दोघीही धावल्या. मी पातेल्यापासून हातभर अंतरावर, उद्याच्या नोट्समध्ये डोकं घालून उभी होते.

“अगं बये, जळला की समदा!” काकू दारातूनच ओरडल्या. “नाकाम्होरं करपतंय आन् हुबी काय?”

मला कसलाही वास आला नव्हता. घड्याळात अकरा पस्तीस.

काळा लसूण उपसून काकूंनी त्याच फोडणीत माडगं केलं. बाजरीची भाकरी कुस्करून मी दोन वाट्या प्यायले, घाम फुटला आणि दुपारभर गाढ झोपले.

परीक्षेच्या वेळी उजवी नाकपुडी कशीबशी उघडली होती. पाच बाटल्या ओळखल्या. सहावीतून करपल्याचा वास आला आणि मी थबकले — हा बाटलीतला, की पुन्हा माझाच? बाटली बंद करून खिडकीशी गेले, वास गेला. परत येऊन हुंगली, वास आला. ‘करपलेलं दूध’ असं लिहिलं. उरलेल्या चारांत मला काहीही सापडलं नाही. निकाल — सहा बरोबर. अगदी काठावर.

सर्दीत भ्रामक वास येऊ शकतात, करपल्याचेसुद्धा, हे मला ठाऊक आहे. मी डिवचल्यामुळे काकूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, असाही तर्क करता येईल. पण शेळीला कोणी डिवचलं होतं? हुलगा, जिरं, करपलेला लसूण, तेही पंचवीस मिनिटं आधी... वहीत ‘कारण’ या शब्दापुढची ओळ मी आजही कोरी ठेवली आहे.

काकूंना असल्या ओळींची फिकीर नाही. निकाल सांगायला गेले तर म्हणाल्या, “नाक पास झालं ना? मग झालं तर!” आता मात्र फोडणी देण्याआधी त्या खिडकीतून हाक मारतात, “काय गं, येतोय का कसला वास?”

मी “नाही” म्हणते. पण त्याआधी... एकदा नीट श्वास घेऊन बघते.