गेट दिसलं, पण काकूंचा ओटाही दिसला

मंडळी, आज मलकापूरच्या घरी कॅमेरा बसवला. आई दिवसभर एकटी असते. गेटवर कोण आलं, ते मला ऑफिसातून दिसायला हवं होतं.

आधी २.८ एमएमची, म्हणजे रुंद दाखवणारी लेन्स लावून पाहिली. अख्खं अंगण दिसलं! आईच्या हातात मोबाईल दिला आणि गेटवर जाऊन ओरडलो, "कोण दिसतंय?"

"कोनीतरी मानूस हाये," आई म्हणाली. पोटचा पोरगा ओळखू येईना!

मग सहा एमएमची, जवळचं दाखवणारी लावली. अंगण कापलं गेलं, पण चेहरा स्पष्ट आला. त्यामागे समोरच्या काकूंचा ओटाही.

काकू लगेच आल्या. "काऊन रे, आमी ओट्यावर केस वाळवतो, थे बी तुले दिसन का?"

मोबाईल दाखवला तसा त्यांनी पदर सावरला. मलाही कसंतरी झालं. कॅमेरा बाजूच्या खांबावर नेऊन तिरका लावला. काकू ओट्यावर बसल्या, आईने मोबाईल पाहून सांगितलं, "नाही दिसत वो!" तेव्हा कुठे त्या हसल्या.

म्हणाल्या, "तुह्या गेटवर कोन येते, मी त रोजच पाहून राह्यली. मले फोन करत जा ना."

त्यांचा नंबरच माझ्याकडे नव्हता. आज घेतला.

तुम्ही कॅमेरा लावताना समोरच्या घरी आधी विचारलं होतं का?