राज्य करणाऱ्यांसाठी एक

आमच्या हिने उभ्या आयुष्यात एकाही पुढाऱ्याला शिवी दिली नाही. तिच्या वाटणीच्या सगळ्या मीच दिल्या. टीव्हीवर कोणी हात जोडून मतं मागायला लागला की माझं तोंड सुटायचं आणि ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, हळू! संध्याकाळी त्याचं नाव घ्यायचंय मला."

नाव घ्यायचं म्हणजे रोझरीत. आम्ही वसईचे ख्रिस्ती. दिवे लागले की घरातली सगळी माणसं अल्तारापुढे, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यापुढे, बसणार, हातात जपमाळ. एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला अर्धा. उत्तर आलं नाही तर प्रार्थना तशीच लोंबकळत राहते. पहिला अर्धा कायम हिचा. माळ संपली की वर आणखी एक-एक प्रार्थना, आजाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी, दर्यावर गेलेल्यांसाठी, आणि सगळ्यात शेवटी राज्य करणाऱ्यांसाठी एक. ती नाव घेऊन. पंतप्रधानापासून आमच्या सरपंचापर्यंत. निवडणूक झाली की नावं बदलायची, बाकी तेच. वाडीत तिला रोझरीबाय म्हणत. कोणाच्या घरी मयत झाली की फादरच्या आधी हिला बोलावणं यायचं. तुमच्यातले जे तिकडचे आहेत, त्यांनी अशी एखादी बाय पाहिली असेलच.

एकदा आमच्या विहिरींचं पाणी टँकर उपसून न्यायला लागले. सरपंच टँकरवाल्यांच्या खिशात. गावाने त्याचा पुतळा जाळला, मीही त्यात होतो. टेम्पोतलं डिझेल मीच दिलं होतं. घरी आलो, तर ही शेजारणींना घेऊन रोझरीला बसलेली, आणि शेवटी त्याच सरपंचाचं नाव घेतलं. दोन बाया उठून गेल्या. मी म्हटलं, "निदान त्याला अक्कल येऊ दे असं तरी म्हण." ती म्हणाली, "तसलं काही म्हणायचं नाही. नुसतं नाव घ्यायचं. अक्कल द्यायची की काय करायचं, ते वरचा बघेल. तुम्ही आधी हात धुवा, डिझेलचा वास येतोय."

मी चौथी शिकलेला, टेम्पोवाला. केळी, पानं, फुलं घेऊन पहाटे दादरला जायचो. ही सातवी पास. पोरं मात्र हिने शिकवली. ऑल्विन आणि नेल्सन दोघंही अमेरिकेला गेले. मोठा टेक्सासला, धाकटा न्यू जर्सीला. मुलगी शर्ली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात. आमचे गुडघे गेले तसं शर्लीने आम्हाला आपल्याकडे आणलं. सगळी घरं एकसारखी, छपरं एकसारखी. पहिल्या महिन्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच दाराशी किल्ली खुपसत उभा राहिलो. हिचं काही अडलं नाही. हिने हॉलच्या कोपऱ्यात अल्तार मांडला आणि शर्लीला विचारलं, "इथे राज्य कोण करतं? नाव नीट सांग, मला उच्चार जमला पाहिजे."

मग करोना आला. देवळाला कुलूप, मिस्सा, म्हणजे फादरची रविवारची उपासना, मोबाइलवर. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, फिरायला तासभर. इथला प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री, रोज टीव्हीवर येऊन आज किती मेले ते सांगायचा, आणि मी त्याची आई-बहीण काढायचो. समोरच्या घरात एक रंगारी राहायचा, इथलाच गोरा, केवढा धिप्पाड. त्याचं काम बंद. त्याने प्रीमियरचं तोंड चिकटवलेला एक बाहुला गळ्याला दोरी बांधून पत्रपेटीवर लटकवला. आमच्या खिडकीतून सरळ तोच दिसायचा. दोन दिवस हिने पाहिलं. तिसऱ्या दिवशी तळलेल्या फुग्यांचा डबा भरला, मास्क लावला आणि रस्ता ओलांडून गेली. फुगे म्हणजे आमच्याकडचे आंबवलेल्या पिठाचे पोकळ गोळे, सणाला करतात. मी दारातून बघत होतो. इंग्रजीचे हिला चार शब्द यायचे. बाहुल्याकडे बोट करून म्हणाली, "ही हॅव मदर. मदर सी."

तो आधी हसला. मग डबा घेतला, म्हणाला, "नो वरीज, लव्ह," आणि बाहुला काढून गॅरेजमध्ये टाकला. आठवड्याने परत लटकवला. ही म्हणाली, "आठवडाभर तरी काढला ना. आता पुढच्या आठवड्याला करंज्या देते."

अमेरिकेतल्या पोरांना रोझरीला बसवायचं हिने त्याच दिवसांत ठरवलं. रविवारी आमची सकाळ असायची तेव्हा त्यांची आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी म्हटलं, "सकाळी कसली रोझरी?" तर म्हणे, "पोरांची संध्याकाळ ती आपली संध्याकाळ." शर्लीने व्हिडिओ लावून दिला. पहिल्या रविवारी नुसता गोंधळ. हिचा अर्धा संपायच्या आत एकाचं उत्तर यायचं, दुसऱ्याचं मागाहून. हिला काय आनंद! जेवताना म्हणाली, "चर्चमध्ये गर्दीत असंच ऐकू येतं हो."

तो आनंद फार टिकला नाही. तिकडे त्यांच्या देशाचे दोन तुकडे पडलेले आणि त्यातला एक-एक तुकडा माझ्या एकेका पोराच्या घरात. नेल्सन हॉस्पिटलात, श्वासाच्या मशीनवर काम करायचा. रोज माणसं मरताना बघायचा. त्याच्या लेखी सगळा दोष अध्यक्षाचा. ऑल्विनच्या गाड्या हॉटेलांना माल पोचवायच्या. हॉटेलं बंद, गाड्या उभ्या, त्यातल्या दोन बँकेने ओढून नेल्या. त्याच्या लेखी अध्यक्ष तेवढा आपला आणि लॉकडाऊन लावणारे सगळे हरामखोर, त्यांना एका रांगेत उभं करायला पाहिजे. दोघांचंही दुःख खरं होतं. मला दोघांचंही पटायचं, म्हणून मी गप्प बसायचो.

मग खुद्द अध्यक्षालाच करोना झाला. त्या रविवारी हिने आजाऱ्यांमध्ये त्याचं नाव घेतलं. ऑल्विनने उत्तर दिलं. नेल्सन म्हणाला, "मी नाही म्हणणार. तो मेला पाहिजे."

हिने माळ मांडीवर ठेवली. मला वाटलं आता रडणार. ती शांतपणे म्हणाली, "कोणी मारावं त्याला? तू?"

"मम्मी, प्लीज."

"तुझ्या वॉर्डात आणला तर? मशीन लावशील की नाही?"

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "लावीन. दॅट्स माय जॉब."

"मग तेच म्हण इथे. तेवढंच मागतेय मी."

नेल्सनने म्हटलं. दात आवळून म्हटलं, पण म्हटलं. त्या दिवशी ऑल्विन हसला, आणि ते हसणं नेल्सनच्या डोक्यात बसलं असं मला वाटतं.

नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे निवडणूक झाली. कोण जिंकलं यावरून आणखी मारामारी. हिला प्रश्न पडला, आता नाव कोणाचं घ्यायचं? शर्ली म्हणाली, "मम्मी, या रविवारी ते सोडून दे ना. लीव्ह इट." सोडायचं हिला माहीतच नव्हतं. हिने आपल्या हिशेबाने वाट काढली आणि दोन्ही नावं एका दमात घेतली, खुर्चीत आहे त्याचं आणि येणार त्याचं. कोणालाच वाईट वाटायला नको.

"तो निवडून आलेलाच नाही!" ऑल्विन ओरडला. "मतं चोरलीत त्यांनी! चोराचं नाव अल्तारापुढे घेतेस तू?"

"हां, झाला सुरू," नेल्सन म्हणाला. "मम्मी, तू त्या खुन्याचं नाव घेतलंस ते चाललं ह्याला."

"खुनी कोणाला म्हणतोस रे? घरात बसून पगार खाणारे तुम्ही लोक..."

"घरात? मी घरात बसलोय? तुझ्यासारख्यांची प्रेतं उचलतोय मी, स्टुपिड!"

मी खुर्चीतून ओरडलो, "ए, आई बसलीये समोर!" पण ऑल्विनची चौकट गेली होती. पाठोपाठ नेल्सनची. पडद्यावर आम्ही दोघं म्हातारी उरलो, आमचीच तोंडं. हिने राहिलेली प्रार्थना परत पहिल्यापासून म्हटली. उत्तर एकट्या माझं, शर्ली आत भावांना फोन लावत होती. आमेन झाल्यावर म्हणाली, "दोन नावं घ्यायला नको होती काय हो?" मी म्हटलं, "एक घेतलं असतंस तर एकच पोरगा गेला असता." तिला हसू आलं नाही.

त्यानंतर दोघंही म्हणायला लागले, तो असेल तर मी नाही. आमच्याशी बोलायचे, दोघंही. पैसे हवेत का विचारायचे, औषधं विचारायचे. शर्ली हिला म्हणाली, "दोघांना वेगवेगळा कॉल लावून देते, दोनदा म्हण." ही ऐकेना. "मला घर एक, रोझरी एक. वाटून देणार नाही." मी चिडलो, म्हटलं, "अगं, अडून काय बसतेस? पोरांचं तोंड तरी दिसेल." तर म्हणे, "तोंड रोज दिसतं फोनवर. मला दोघांचं उत्तर एकत्र पाहिजे." ख्रिसमस गेला, ईस्टर गेला. दर रविवारी सकाळी ती शर्लीला व्हिडिओ लावायला सांगायची, दोघांना निरोप धाडायची आणि पडद्यासमोर माळ घेऊन बसायची. कोणी यायचं नाही. मग आम्ही तिघं म्हणायचो. त्या देशाच्या नव्या अध्यक्षाचं नाव यायचं, जुन्याचंही यायचं, कारण, ती म्हणायची, "खुर्ची गेलेल्याला प्रार्थना जास्त लागते."

पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, तिच्या हृदयाची झडप बिघडली. परत लॉकडाऊन. अँब्युलन्स दारात आली, तिला घेऊन गेली, आणि आम्हाला हॉस्पिटलच्या दारापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. मी रोज शर्लीच्या गाडीत पार्किंगमध्ये बसून राहायचो. निदान त्याच आवारात आहे म्हणून. एका सकाळी नर्सने तिला फोन लावून दिला. आवाज खोल गेलेला. म्हणाली, "शर्ले, दोघांना एकत्र बोलाव. आजच. अख्खी रोझरी नाही म्हणत, एकच प्रार्थना."

शर्लीने दोघांना निरोप धाडला. तिकडे संध्याकाळ. ऑल्विनचं उत्तर आलं, "नेल्सनला आधी बोलू दे मम्मीशी. माझा नंतर लाव." नेल्सनचं आलं, "ऑल्विनचं होऊ दे. मी नंतर करतो." दोघांनीही एकमेकांना मान दिला असं म्हणायचं. शर्ली परत लिहीत राहिली, फोन करत राहिली, पण तिकडे रात्र झाली होती आणि माणसं झोपली होती. इकडे संध्याकाळी मला आत बोलावलं. गाऊन, मास्क, हातमोजे चढवून मी पोचलो तेव्हा ती गेली होती. माळ उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत होती, नाव लिहून.

मयताला मोजकी माणसं. सरहद्दी बंद, पोरांना येता आलं नाही. दोघांनी पडद्यावर पाहिलं आणि दोघंही लहान पोरांसारखे रडले, आपापल्या चौकटीत. एकमेकांशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं, आता तरी बोलतील. ऑल्विन मला म्हणाला, "डॅडी, त्याने हो म्हटलं असतं तर मी आलो असतो." नेल्सन हेच म्हणाला. आता आईसुद्धा त्या भांडणात गेली.

काही महिन्यांनी इथे शहरात लॉकडाऊनविरुद्ध मोर्चे निघाले. प्रीमियरसाठी लोकांनी लाकडाचा फाशीचा खांब करून आणला होता. टीव्हीवर बघून शर्ली रडायला लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? माझ्या बायकोचा हात मला धरू दिला नाही त्या माणसाने. त्याने किती जीव वाचवले ते शर्ली मला आकडे लावून सांगते. सांगू दे. माझा एक वाचला नाही.

आता पहिला अर्धा मी म्हणतो. दर रविवारी दोनदा, एकदा ऑल्विनबरोबर, एकदा नेल्सनबरोबर. तिला हे चाललं नसतं. मी तिच्याइतका घट्ट माणूस नाही. शेवटी राज्य करणाऱ्यांसाठी एक असतेच. ऑल्विनपुढे मी नव्या अध्यक्षाचं नाव घेतो, नेल्सनपुढे जुन्याचं. मग गप्प बसून राहतो. तिकडून काही येत नाही. पंख्याचा आवाज येतो, कुत्रं भुंकतं, कोणीतरी घसा खाकरतो. मला कुठे जायचंय? कधीतरी उत्तर येतं.

इथल्या प्रीमियरचं नाव मात्र माझ्या तोंडातून निघत नाही. जीभच वळत नाही. ते शर्ली घेते, पहिला अर्धा तीच म्हणते, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी माझ्याकडे बघते. एखाद्या रविवारी मी म्हणतो. एखाद्या रविवारी टेबलावरचा चहा गार होऊन जातो आणि आम्ही दोघं तशीच बसून राहतो.