अर्धा ग्लास दूध

आज सकाळी मुलाने दुधात कच्ची अंडी फोडली आणि त्या वशट वासाने मी नाक दाबून बाजूला झालो.

परळीत कॉलेजला असताना तब्येत कमवायला मीही हेच प्यायचो. घरची बाजरीची भाकरी तेव्हा गावंढळ वाटायची. एकदा निम्मा ग्लास घशाखाली उतरेना, तेवढ्यात गावाहून डबा घेऊन आई खोलीवर आली. माझी आई माळकरी. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे.

"दूध कावून ठेवलंस रे?"

"ताकदीची पावडर हाय त्यात. जात न्हाई आता."

"दूध टाकू न्हाई," म्हणत तिने ग्लास तोंडाला लावला. मी अडवलं नाही. तो बुळबुळीत घोट तिच्या तुळशीच्या माळेमागून खाली उतरताना मी नुसता बघत राहिलो.

तिने पदराने तोंड पुसलं. "लई वंगाळ लागतंय रे लेकरा. रोज कसं पितोस?" मग डबा उघडून भाकरी माझ्यापुढे सरकवली.

"बाबा, अंड्याची एवढी किळस?" मुलगा हसत विचारतो. त्याला कसं सांगू, की मी ती भाकरी तिच्यासमोर बसून चवीने खाल्ली.