टाकीत उरलेला वायू

कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी उपग्रहांच्या विजेवर चालणाऱ्या इंजिनांचं गणित करायचे. बाबांचा जन्म अंबरनाथच्या कारखान्यात पंप सांभाळण्यात गेला, त्यामुळे हवा काढून घेतलेली पोलादी टाकी म्हणजे काय, हे त्यांना समजवावं लागलं नाही. अशा टाकीत ही इंजिनं चालवून पाहतात. पण पंप कितीही दांडगा असो, थोडा वायू उरतोच. त्याचे कण भिंतींवर आपटून परत फिरतात आणि इंजिन त्यातले काही गिळून वापरतं. त्यामुळे टाकीत ते जरा जास्तच जोर दाखवतं. अंतराळात तेवढा मिळत नाही. यातला उसना जोर किती, हे कॉम्प्युटरवर कणांचा माग काढून शोधायचं, हे माझं काम.

गेल्या वर्षी, ज्या प्रयोगशाळेसाठी मी हे काम करते, तिने मला कायमचं बंगळुरूला बोलावलं. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा म्हणाले, "तू जा, मी राहतो एकटा." माझं मन धजेना. शेवटी ठरलं, की आठवडाभर मी अंबरनाथ पूर्वेला मावशीकडे राहायचं, फोनसुद्धा करायचा नाही, आणि बाबांनी एकट्याने राहून दाखवायचं. जमलं तर मी जाणार, नाही तर नकार कळवणार.

परत आले तर घर लख्ख. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तोंडी परीक्षेला बसल्यासारखे बसलेले. तब्येतही छान. मी खुशीत चहा टाकायला गेले आणि पाहते तर साखरेचा डबा रिकामा. जाताना तो गच्च भरलेला होता, आणि बाबांना डायबिटीस.

"बाबा, साखर खाल्लीत?" माझा पाराच चढला.

"एक दाणा नाही. तुझ्या आईची शपथ."

"मग गेली कुठे?"

ते जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "वाट्यांमधून गेली."

समोरच्या सिंधी आंटी, मूळच्या उल्हासनगरच्या, रोज काही ना काही पाठवत होत्या. साई भाजी, कढी, गरम फुलके. आणि आईचा नियम असा, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आई चिमूटभर साखर घालायची. बाबांनी प्रत्येक वाटी काठोकाठ भरून दिली होती. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही.

"ही परीक्षा बाद," मी डोळे पुसत म्हणाले. "हा सगळा टाकीतला उसना जोर."

"बाद कशी? तुमचं इंजिन टाकीतून काढून वर पाठवायचं असतं. मी कुठे चाललोय? मी याच टाकीत राहणार, आंटी समोरच आहेत." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भिंती सोडून तू चालली आहेस, बाळा. परीक्षा तुझी घ्यायला हवी होती."

मावशीकडे आठवडाभर मला एक घास धड गेला नव्हता, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांच्याशिवाय मला राहता येत नाही, हे खरं होतं.

तरी मी होकार कळवला. निघायच्या दिवशी त्यांनी आईची झाकणाची छोटी स्टीलची डबी माझ्या बॅगेत ठेवली. आत साखर, काठोकाठ.

"तिकडे समोर कोण राहतं ते बघ," बाबा म्हणाले. "आणि ही दे. परत येईल तेव्हा रिकामी नाही येणार."

बंगळुरूच्या भाड्याच्या खोलीत पोचल्यावर मी बॅग उघडली, डबी घेतली आणि आधी समोरचं दार वाजवलं.