पाच नावांचं कार्ड

हर्षालीला एका जागी म्हणून बसवत नसे. पोळ्या लाटता लाटता मधेच उठून ती पिठाचा डबा हलवून बघायची, डाळीच्या बरणीत हात घालून बघायची. मघाशीच बघितलंय, एवढ्यात त्यात भर पडणार आहे थोडीच? पण नाही, बघायचंच. रविराज वैतागून म्हणायचा, "अगं, डब्याला झोपू दे जरा." ती हसायची आणि पाच मिनिटांनी परत डबा उघडायची.

रविराज अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. घरात तो, हर्षाली आणि तीन वर्षांची वेदिका. सिडकोत एक खोली, पुढे मोरी, मागे खिडकी. दिवाळीनंतर कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि घरातलं किराणाचं गणित पार कोलमडलं. मूळ पगार तोच होता, पण विसाव्या तारखेलाच संपायला लागला.

आता हर्षाली काय हातावर हात धरून बसणारी बाई नव्हे. तिने तूरडाळ बंद करून आख्खा मसूर आणला. भाजीला ती पवननगरच्या बाजारात अंधार पडल्यावर जायची, विक्रेते गोण्या आवरायला लागले की मग. मेथीची जुडी जरा मान टाकलेली असली की भाव निम्म्यावर यायचा. कोथिंबिरीच्या देठांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, फ्लॉवरच्या पानांची भाजी. एकदा तर कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी केली तेव्हा रविराज ताटाकडे बघत म्हणाला, "उद्या काय, टोपलीची करतेस का?" दोघं हसली खरी, पण रविराजने भाजी पुन्हा मागितली नाही. वेदिकाला दूध मात्र ती रोज द्यायची. त्यात पाणी घालायची वेळ आली त्या दिवशी तिला रडू आलं.

शेजारच्या रोशनीने तिला वेड्यात काढलं. "अगं, सासरच्या रेशनकार्डावर तुमची नावं आहेत ना? मग इथे उचल की! आता कुठल्याही दुकानात अंगठा चालतो. तिकडचं कार्ड असलं म्हणून काय झालं?"

कार्ड होतं सासूबाईंकडे, चांदवडजवळच्या गावी. त्यावर पाच नावं. सासरे सावळीराम, सासू कुसाबाई आणि ही तिघं. धान्य दर महिन्याला कुसाबाई गावातून उचलायच्या. हर्षाली गावी गेली की पिशवीत थोडे गहू, थोडे तांदूळ घालून द्यायच्या, पण पोरीला घेऊन दर महिन्याला कोण जाणार? आणि फोन करून "आमचा वाटा आम्हाला द्या" असं म्हणायचं तर तोंड उघडायचं कसं? त्या घरात कार्डावरचं नाव वेगळं काढणं म्हणजे चूल वेगळी मांडणं. लग्न होऊन आली तेव्हाच कुसाबाईंनी बजावलं होतं, "कार्ड एक हाय तोवर घर एक हाय." त्यावर सुनेने काय बोलायचं?

तरीही ती जवळच्या रेशन दुकानात गेली. मोबाइलमध्ये कार्डाच्या फोटोवरचा नंबर होता, तो दुकानदाराला दाखवला, मशीनवर अंगठा ठेवला. दुकानात ही गर्दी. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "सगळं काढू का?"

"हो, सगळं," हर्षाली म्हणाली. तिच्या मनात होतं, आमचं सगळं. तिघांचं.

रोशनीच्या स्कूटीवर दोन कट्टे घालून दोघी घरी आल्या. हर्षालीच्या अंगात वारं शिरलं होतं नुसतं. गहू निवडायला सूप घेऊन बसली, निवडता निवडता हात थांबला. हे एवढे कसे? माणशी पाच किलो. आपण तिघं. हे तर पाचही जणांचं आलंय! आत्या-मामांचंसुद्धा! सासूला ती आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामा.

तिने लगेच फोन हातात घेतला. आणि ठेवला. काय सांगायचं? तुम्हाला न विचारता उचललं, वर तुमचंही उचललं? संध्याकाळी करू, असं ठरवलं. संध्याकाळी वेदिकाला ताप आला. दुसऱ्या दिवशी ती गहू गिरणीत घेऊन गेली. पीठ झाल्यावर तर फोन करणं आणखीच अवघड झालं. रविराजने विचारलं तेव्हा म्हणाली, "रोशनीच्या गावाकडून स्वस्तात मिळाले." नवऱ्याशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे त्या रात्री तिने उगाचच भांडी दोनदा घासली. कुठे दरवाजा वाजला तरी दचकायची. दिवस असे चालले होते की धड खाणं नाही, धड झोप नाही, आणि भरलेल्या डब्याकडे बघवत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कुसाबाईंचा फोन आला. रविराजने स्पीकरवर टाकला.

"आरं, त्या नवनाथनं आपलं धान्य खाल्लं!" कुसाबाईंचा आवाज खोलीभर झाला. नवनाथ म्हणजे गावचा रेशन दुकानदार. "मी लाइनीत उभी ऱ्हायले, अंगठा दिला, तर म्हणतो, मावशी, तुमचं उचललंय. म्या म्हणलं, कोणी उचललं, भुतानं? चांगला झापला त्याला. म्हणलं, चोरट्या, तुझ्या मापात आधीच पाप हाय, आता आख्खं कार्डच गिळलं का? समदी लाइन ऐकत होती. सोमवारी तहसीलला अर्ज देणार हाये मी."

"बरोबर केलंस आई! सोडू नकोस त्याला," रविराज म्हणाला.

हर्षाली तव्यापाशी उभी होती. तव्यावरची पोळी त्याच गव्हाची होती. ती करपली, धूर झाला, तेव्हा रविराजने वळून बघितलं आणि तिचा चेहरा बघून फोन ठेवून दिला. तिने सगळं सांगितलं. मधे कुठेही थांबली नाही, थांबली असती तर पुढचं सांगता आलं नसतं.

रविराजने पुढे होऊन गॅस बंद केला. मग म्हणाला, "तो माणूस गावात तोंड लपवत फिरत असेल गं." आणि थोड्या वेळाने, "फोनवर नको. जाऊन सांग. मला सुट्टी टाकता येत नाही, खाडा पडेल."

शनिवारी वेदिकाला रोशनीकडे ठेवून हर्षालीने द्वारका चौकातून एसटी धरली. बाईमाणसाला अर्धं तिकीट, तेवढाच काय तो आधार. पायाशी आत्या-मामांच्या वाट्याचे तांदूळ आणि पीठ. पिंपळगाव गेलं, वडाळीभोई गेली, तिला सारखं वाटत होतं की मधेच कुठेतरी उतरावं आणि उलटी गाडी पकडावी. हात पिशवीच्या बंदाला पीळ घालत होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "तुटंल ना तो, बाई."

सावळीराम कांद्याच्या खळ्यावर कामाला गेले होते. कुसाबाई एकट्याच घरी होत्या. सुनेला अवचित दारात बघून त्या घाबरल्याच. "पोर बरी हाय ना?"

"बरी आहे, आत्या. नवनाथभाऊंनी काही खाल्लं नाही. मी उचललं."

कुसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, हेच भयंकर होतं. डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पिशवी राहू दे. चल."

दुकानात आठ-दहा माणसं होती. नवनाथने कुसाबाईंना बघितलं आणि मान खाली घालून मापायला लागला. कुसाबाई थेट पुढे गेल्या.

"नवनाथ, चूक माझी हाय बाबा. मीच सुनेला सांगितलं होतं, तिकडं उचल म्हणून. आन् मीच इसरले."

दुकानात हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, "कुसामावशीला चळ लागला आता!" दुसरा म्हणाला, "मावशी, घर तरी सापडंल का? का सोडायला येऊ?" आणखी हशा. कुसाबाई खालच्या मानेने उभ्या. गावात कोणाचं ऐकून न घेणारी ही बाई! हर्षाली पुढे सरली. आपण केलं आणि हिने डोक्यावर घेतलं, वर हे हसतात?

"आत्या काही विसरल्या नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. आवाज चिरकला, तरी म्हणाली. "त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. मी न विचारता उचललं, आणि उचलल्यावरही गप्प बसले. भाऊ, तुम्हाला माझ्यामुळे बोलणी बसली. मला माफ करा."

हसू थांबलं. नवनाथने हातातलं माप खाली ठेवलं. "असू द्या ताई," तो म्हणाला, "सांगायला आल्या, लय झालं."

परत येताना कुसाबाई पुढे, हर्षाली मागे. वेस आली. मग कुसाबाई गर्रकन वळल्या.

"तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? मी झाकत होते ना! मला येडी म्हणले असते, चार दिवस हसले असते, झालं. आता काय म्हणतील? रविराजच्या घरात दाणा नाय, म्हणून सून सासूच्या तोंडचं घेऊन गेली. असं म्हणतील!"

"नाहीच आहे, आत्या," हर्षाली म्हणाली.

"काय नाय?"

"दाणा. वीस तारखेनंतर नसतो घरात."

कुसाबाई बघतच राहिल्या. रस्त्याने कांद्याचा ट्रॅक्टर गेला, धुरळा उडाला, तरी त्यांनी डोळ्यावर हात घेतला नाही.

"कवापासून?"

"दिवाळीपासून. ह्यांचा ओव्हरटाइम बंद झाला."

"आन् मला कोणी बोललं नाय?"

 

कुसाबाई तिथेच रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. पदराचं टोक हातात धरून नुसत्या बघत राहिल्या त्याच्याकडे.

"दिवाळीला तुम्ही मला साडी घेतली," त्या म्हणाल्या. "आन् मी रंग आवडला नाय म्हणून परत पाठवली. त्याच्यापेक्षा भारीतली आणायला लावली."

 हर्षाली त्यांच्या शेजारी जाऊन बसली.