बाईंच्या मांजरीची मजुरी

मैत्रिणीची मांजर सांभाळली तर तिच्याकडून किती घ्यावं? मला विचाराल तर काहीही घ्या, पण आधी ठरवू नका. मी ठरवलं होतं, आणि त्यात जे झालं ते पन्नास वर्षं पोटात ठेवलं. आता सांगून टाकते एकदाचं.

एकाहत्तर सालची गोष्ट. लग्न होऊन मी नगरहून काष्टीला आले त्याला दहा महिने झाले होते. नवरा साखर कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सासरे नव्हते. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्यांचा कायदा एकच होता. वर्ष होईस्तोवर सुनेने उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. पाणी त्या आणणार, दळण त्या नेणार, बाजार त्या करणार. मारझोड नव्हती, उपाशी ठेवणं नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण कोंडवाडा तो कोंडवाडाच. माहेराहून पत्र आलं की म्हणायच्या, "समदी बरी हायती न्हवं? मग जायाचं कशाला?" आमची गल्ली उजवीकडे वळायची, त्या वळणापुढे काय आहे हे मला दहा महिन्यांत कळलं नव्हतं. डोकं भणभणायचं माझं. मी भांडी आपटायचे, तर त्या शांतपणे म्हणायच्या, "चेपलं तर तुज्या बापाकडनं आनू."

समोरच्या खोलीत प्राथमिक शाळेतल्या बाई राहायच्या. एकट्याच, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. गावात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना नगरला सव्वा महिन्याचं प्रशिक्षण लागलं आणि त्यांची कबरी मांजर तर गाभण.

"मी सांभाळते," मी म्हटलं.

"पण फुकट नको हं. दूध आहे, व्याप आहे. रोजचं काय देऊ सांग."

आत्या आतून कडाडल्या, "मांजर सांभाळायचे पैशे घिऊ व्हय? लोक तोंडात शेन घालतील माज्या!" मग पदर सावरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दुदाचं तेवढं द्या. पावशेराच्या खाली न्हाई भागायचं."

बाईंनी हसू दाबून दुधाचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. आत्या आत वळल्या तशी मी बाईंचा हात धरला.

"माझं वेगळं ठरवा," मी हळूच म्हटलं. "पैसे नकोत. परत आलात की मला एक दिवस नगरला न्या. काहीतरी कारण काढा, तुम्हाला त्या नाही म्हणायच्या नाहीत. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत. आईला बघते नि येते."

"एवढंच? ठरलं," बाई म्हणाल्या. सोप्पं होतं त्यांना. मी मात्र त्या दिवसापासून दिवस मोजायला लागले.

आठव्या दिवशी मांजर कणगीमागे व्याली. चार पिल्लं झाली. त्यातलं एक काळं, अगदी मुठीएवढं, बाकीची तिघं त्याला दुधापासून ढकलायची. मी बोट लावून त्याला जागेवर आणायचे. पाच दिवस गेले आणि एका सकाळी कणगीमागे कुणीच नाही.

आत्यांची पाचावर धारण बसली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे त्यांना माहीत का नव्हतं? पण ही मांजर परक्याची होती. आपल्या जिम्म्यात असताना तिचं किंवा पिल्लांचं काही झालं तर पाप आपल्या माथी, आणि ते फेडायला काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं त्यांच्या मनात पक्कं. "सोन्याचं मांजर कुठनं आनू मी? बोरमाळ मोडून?" त्या घरभर फेऱ्या मारत होत्या. लोकांच्या माळ्यांवर चढून, जळणात वाकून शोधणं त्यांना होण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "तूच जा. डोक्यावरनं पदर घे. बगून लगीच ये."

मी उंबरा ओलांडला. अहो, काय सांगू! त्या वळणापुढे एक शिंपी राहत होता. शिंपी, एक लिंब आणि लिंबाखाली बांधलेली शेळी. एवढंच होतं तिथे. ते बघून मला रडू आलं. मांजर त्याच शिंप्याच्या चिंध्यांत पिल्लांना घेऊन पसरली होती. शिंपिणीने मला बसवून चहा दिला, माहेर कुठलं विचारलं. दोन दिवसांनी मांजर तिथून उठली आणि शेजारच्या कडब्यात गेली, कडब्यातून पिठाच्या गिरणीत. ती हलली की आत्यांचा जीव घाबरा आणि माझा मोकळा. "मांजर बघून येते," म्हणायचं आणि सुटायचं.

गिरणीत मात्र ती रमली. उंदीर तिथे भरपूर, पोत्यांमागे आडोसा. आठ दिवस झाले तरी हलेना. आत्या म्हणाल्या, "गावली न्हवं? गिरनीवाला दूद घालतोय. आता बस घरात." झालं! पुन्हा मी, चूल आणि त्या चार भिंती. बाई यायला अजून दोन आठवडे होते. मला एक दिवस धीर धरवेना.

नवव्या दिवशी "एकदा बघून येते, बाईंना काय सांगू?" असं म्हणून मी गिरणीत गेले. मांजर शिकारीला गेली होती. मी चारही पिल्लं पदरात घेतली आणि बाजारतळाच्या कडेला एक पत्र्याचा रिकामा गोठा होता, तिथल्या गव्हाणीत ठेवून आले. संध्याकाळी मांजरीला तिकडे न्यायचं, सापडली म्हणून सांगायचं. तोवरचा दिवस माझा. एवढाच माझा बेत होता, देवाशपथ.

घरी येऊन सांगितलं, पिल्लं नाहीत. "आगं मग हुबी काय? जा, जा!" आत्याच मला ढकलत होत्या. मी पार रेल्वेच्या रुळांपर्यंत गेले. नगरकडे जाणारी गाडी डोळे भरून पाहिली. शिंपिणीकडे पोहे खाल्ले, मोठ्याने हसले. लग्नानंतर इतक्या सुखात मी कधीच नव्हते. मांजर गल्लीभर ओरडत फिरत होती. मला ऐकू येत होतं. मी मनात म्हणत होते, थांब गं बाई, जरा थांब.

ऊन कललं तेव्हा तिला उचलून गोठ्यात नेलं. वैशाखातला तापलेला पत्रा, गव्हाण हाताला चटका देत होती. तीन पिल्लं धापा टाकत होती. काळं ताठ झालं होतं, डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. मी मारलं त्याला. उन्हाने नाही, मी. गोठ्यामागे हातांनीच माती उकरून पुरलं. मांजरीने तिन्ही पिल्लं एकेक करून आमच्या घरी आणली आणि मग पुन्हा त्या गोठ्याकडे गेली. तिला थांबवायची माझी हिंमत झाली नाही.

आत्यांनी कणगीमागची पिल्लं पाहिली. माझ्या नखांतली माती पाहिली. "हात धू," म्हणाल्या. तेवढंच.

बाई आल्या त्या थेट आमच्याकडेच. पिल्लांना मांडीवर घेऊन विचारलं, "किती झाली हो हिला?"

सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. माझ्याकडे न बघता आत्या म्हणाल्या, "तीन. तीनच हुती."

बाईंना काय कळणार? त्या ठरल्या शब्दाला जागल्या. "आत्या, उद्या शाळेचं सामान आणायला मला नगरला जायचंय. सोबतीला हिला नेऊ का? आईलाही भेटेल ती."

मी आत्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी नाही म्हणावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

"न्या की," आत्या म्हणाल्या. "वरीस होत आलं, पोरीनं आईचं तोंड बगितलं न्हाई."

"नको," मी म्हटलं. "घरात काम आहे."

"अगं, तूच तर..."

"नको म्हटलं ना!"

बाई दुसऱ्या दिवशी एकट्या गेल्या. माझ्या मैत्रिणीने मांजर सांभाळल्याचं काहीच घेतलं नाही, असं मात्र गावभर कौतुकाने सांगत राहिल्या. आत्यांनी त्यानंतर मला कुठे जायला कधी अडवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आईला मी पाहिलं ते पुढच्या वर्षी, बाळंतपणाला गेले तेव्हा.

"एवढी रमलीस होय गं तिकडे?" तिने माझ्या तोंडावरून हात फिरवत विचारलं.

मी हो म्हटलं.